आयव्हीएफमध्ये ट्रिगरच्या रात्रीपासून कॅबरगोलिनची गोळी सांगितली आहे. कुणी घेतली आहे का?

रानजाई:
नमस्कार. आयव्हीएफची इंजेक्शनं चालू आहेत, उद्या रात्री ट्रिगर, म्हणजे अंडी पिकवायचं शेवटचं इंजेक्शन. वय ३१, पीसीओडी लग्नाआधीपासूनच, एएमएच (अंड्यांच्या साठ्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) ८.६. कालच्या सोनोग्राफीत दोन्ही बाजूंचे मिळून तिसाच्या आसपास फॉलिकल (अंड्यांच्या पिशव्या) दिसले. बाकीच्या बायकांना चार-पाच मिळाले तरी पेढे वाटावेसे वाटतात, त्यामुळे मी खूश झाले. डॉक्टर मात्र म्हणाल्या, ओएचएसएसचा धोका आहे, अंडाशय फार चेतले की पोटात पाणी होतं. म्हणून एचसीजी या हार्मोनऐवजी ल्युप्रोलाइड या दुसऱ्या औषधाचं ट्रिगर, या महिन्यात ट्रान्सफर (गर्भ गर्भाशयात सोडणं) नाही, गर्भ सगळे फ्रीझ. शिवाय ट्रिगरच्या रात्रीपासून कॅबरगोलिन ०.५ मिग्रॅ रोज एक, आठ दिवस.

गोळी आणायला गेले तर मेडिकलवाला भर गर्दीत म्हणतो, "ताई, ही तर दूध बंद करायची गोळी." बाळासाठी एवढा खटाटोप चाललाय, त्यात हे ऐकायचं! घरी येऊन नेटवर पाहिलं तर पार्किन्सन, हृदयाच्या झडपा, काय काय. उद्या सकाळी डॉक्टरांना विचारणारच आहे, पण झोप उडाली आहे.

दूध बंद करणारी गोळी पोटातल्या पाण्याला कशी काय चालते? ट्रिगर बदललंय, फ्रीझही करणार, मग गोळी हवीच का? माझं बीपी मुळात १००/६० असतं, चक्कर येईल का? आणि सासूबाई रोज विचारतात, "ट्रान्सफर कशाला लांबवता?" त्यांना काय सांगू, तेही सुचवा.

शेवंता:
मी घेतली होती गं. पहिल्या दोन रात्री मळमळ आणि डोकं जड, नंतर काही नाही. रिकाम्या पोटी अजिबात घेऊ नकोस. जेवून घे आणि सरळ आडवी हो. रात्री उठताना आधी दोन मिनिटं पलंगावर बस. बीपीचं डॉक्टरांच्या कानावर घालच.

माळरान:
मी याच क्षेत्रात काम करते, पण तुमचे कागद पाहिलेले नाहीत, त्यामुळे अंतिम शब्द तुमच्या डॉक्टरांचा.

आधी त्रास कशाने होतो ते बघू. एचसीजी मिळाल्यावर अंडाशयातून व्हीईजीएफ नावाचं द्रव्य सुटतं. फॉलिकल जितके जास्त तितकं ते जास्त. त्याने रक्तवाहिन्या पाझरायला लागतात, नव्या माठासारख्या. रक्तातलं पाणी पोटात उतरतं, रक्त घट्ट होतं, लघवी कमी होते, आणि प्रकरण वाढलं तर गुठळ्या होण्याची भीती. कॅबरगोलिन डोपामाइन या मेंदूतल्या द्रव्यासारखं काम करते. त्यामुळे दूध आणणारं प्रोलॅक्टिन हे हार्मोन उतरतं, म्हणून ती दूध थांबवायला वापरतात. तीच गोळी रक्तवाहिन्यांवर व्हीईजीएफचा परिणाम कमी करते. मेडिकलवाला खोटं बोलला नाही, अर्धंच बोलला.

२००७ साली स्पेनमध्ये याची चाचणी झाली ती स्त्रीबीज दान करणाऱ्या बायकांवर. त्यांना गर्भ राहणार नसतो, त्यामुळे गोळीचा परिणाम स्वच्छ दिसतो. रोज ०.५ मिग्रॅ, आठ दिवस, म्हणजे तुमचाच डोस. गोळी घेणाऱ्यांत पोटातलं पाणी आणि रक्त घट्ट होणं दोन्ही कमी दिसलं. पुढे बऱ्याच चाचण्या एकत्र करून कॉक्रेन या चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या २०२१ च्या आढाव्यात असा हिशेब निघाला की धोक्यातल्या १०० बायकांत गोळीविना २७ जणींना मध्यम किंवा तीव्र त्रास होत असेल, तर या गटातल्या गोळ्यांनी तो ८ ते १४ जणींवर येतो. शून्यावर नाही, हे लक्षात ठेवा.

आता तुमचा दुसरा प्रश्न, तो खरा नेमका आहे. तुमच्या बाबतीत मोठं काम ट्रिगर आणि फ्रीझच करणार आहेत. एचसीजी शरीरात कितीतरी दिवस रेंगाळतं. ल्युप्रोलाइडने तुमच्याच मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतून एलएच हे अंडी पिकवणारं हार्मोन उसळतं आणि एक-दोन दिवसांत ओसरतं. तेवढ्यात अंडी पिकतात, पण अंडाशयाला पुढे चिथावणी राहत नाही. हे पिट्युटरी उसळी देऊ शकेल अशाच इंजेक्शनांच्या पद्धतीत जमतं, जसं अँटागोनिस्ट प्रोटोकॉल, तुमचा तोच असणार. लाँग प्रोटोकॉलमध्ये पिट्युटरी आधीच झोपवलेली असते, तिथे एचसीजीच द्यावं लागतं आणि कॅबरगोलिनवर भिस्त जास्त असते. तुमच्या बाबतीत गोळी ही जास्तीची खबरदारी आहे. मात्र ल्युप्रोलाइड आणि फ्रीझनंतरही क्वचित कुणाला त्रास झाल्याची उदाहरणं आहेत. तिसेक फॉलिकल असतील तर मीही गोळी लिहिली असती.

झडपांचं प्रकरण पार्किन्सनसाठी रोज ३ मिग्रॅ किंवा त्याहून जास्त, तेही महिनोन्‌महिने घेणाऱ्यांचं. तुमचा अख्खा कोर्स ४ मिग्रॅ. पण झडपेचा आजार आधीच असेल, किंवा मानसिक आजाराची औषधं चालू असतील, तर आजच सांगा.

सासूबाईंना सांगा, गर्भ राहिला की तो स्वतःच एचसीजी तयार करतो, त्यामुळे आत्ता ट्रान्सफर केलं तर पोटात पाणी होण्याचं निमित्त पुन्हा मिळतं, आणि ते जास्त दिवस टिकतं. फ्रीझ केलेले गर्भ पुढच्या पाळीनंतरही तिथेच असतात.

अन्नपूर्णा:
ताई, नारळपाणी, अंड्याचा पांढरा भाग, पनीर, आणि दिवसाला पाच लिटर पाणी! माझ्या बहिणीला यानेच बरं वाटलं.

माळरान:
नारळपाणी, ताक, ओआरएस, प्रथिनं, सगळं चालेल. पाच लिटरचा हट्ट नको, तहान लागेल तसं प्या. आणि मळमळली म्हणून घरातली पॅन-डी किंवा डोमस्टाल परस्पर घेऊ नका. त्यातलं डॉमपेरिडोन कॅबरगोलिनच्या नेमकं उलट काम करतं. मेटोक्लोप्रमाइडचंही तेच. उलटीवर काय घ्यायचं ते डॉक्टरांनाच विचारा.

शेवंता:
बाई गं, पॅन-डी तर आमच्याकडे मुखवासासारखी खातात.

रानजाई:
सगळ्यांचे आभार. आत्ताच जाऊन आले. प्रोटोकॉल अँटागोनिस्टचाच. बीपी दोनदा मोजलं, गोळी रात्री जेवणानंतरच घ्यायची, फार गरगरलं तर पुढची घेण्याआधी फोन करायचा. सासूबाईंना माळरानताईंचं वाक्य जसंच्या तसं वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "मग आधी सांगायचं ना." आता एकच. पिकअपनंतर (अंडी काढल्यावर) पोट दुखलं तर डायक्लोफेनॅक आहे घरात, ती घेऊ का?

माळरान:
नको. ओएचएसएसचा धोका असताना मूत्रपिंडावर त्याचा ताण नको, पॅरासिटामॉल चालतं. रोज सकाळी वजन आणि बेंबीपाशी पोटाचा घेर लिहून ठेवा. दिवसात किलोभर वजन वाढलं, लघवी कमी झाली, धाप लागली, उलट्या थांबेनात किंवा एका पोटरीत दुखू लागलं तर सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच निघायचं. चेतलेलं अंडाशय जड असतं, पिळलं जाऊ शकतं, म्हणून ते पूर्ववत होईपर्यंत व्यायाम, जड उचलणं, संबंध बंद. पिकअपच्या दिवशी निघताना क्लिनिकचा रात्रीचा नंबर घरातल्या दोघांच्या फोनमध्ये घालून घ्या.