शब्दचर्चा : ‘साक्रामेंत’, ‘संस्कार’ आणि ‘कृपेचे साधन’

प्रश्न : कॅथलिक धर्मशिक्षणात बाप्तिस्मा, विवाह इत्यादी सात संस्कारांना ‘कृपेची साधने’ म्हटले जाते. हा शब्दप्रयोग बायबलमध्ये कुठे आहे? नसल्यास ‘साधन’ ही कल्पना कशावर आधारलेली आहे?

उत्तर : हा शब्दप्रयोग बायबलमध्ये शब्दशः कुठेही नाही, हे आधीच मान्य केलेले बरे. अशा संस्कारासाठी वापरला जाणारा ‘साक्रामेंत’ हा शब्दही मूळ ग्रीक नव्या करारात असणे शक्य नाही, कारण तो लॅटिन ‘साक्रामेन्तुम’वरून आला. रोमन व्यवहारात त्याचा अर्थ सैनिकाची शपथ, किंवा दाव्यातील पक्षकारांनी ठेवलेली अनामत रक्कम असा होता. लॅटिन भाषांतरकारांनी ग्रीक ‘मुस्तेरिऑन’, म्हणजे रहस्य, या शब्दासाठी तो काही ठिकाणी योजला. इफिसकरांस पत्र ५:३२ मध्ये पौल पती-पत्नीच्या ऐक्याला मोठे रहस्य म्हणतो, तेथे लॅटिनमध्ये ‘साक्रामेन्तुम’ आहे. या एका शब्दावरून विवाह हा संस्कार ठरवणे टिकणारे नाही. प्रोटेस्टंट सुधारक मार्टिन लूथरने १५२० मध्ये नेमके यावरच बोट ठेवले होते, आणि कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील धर्मपरिषदेनेही १५६३ मध्ये विवाहातील कृपेविषयी बोलताना पौलाने ती ‘सूचित केली’ एवढेच जपून म्हटले.

म्हणून आधार नामात शोधण्याऐवजी शब्दयोगी अव्ययात शोधावा, असे मला वाटते. ग्रीकमध्ये ‘दिआ’ या अव्ययापुढे षष्ठी आली की त्याचा अर्थ ‘द्वारे’ असा होतो. तीताला पत्र ३:५ मध्ये देवाने आपल्याला ‘नव्या जन्माच्या स्नानाद्वारे’, म्हणजे बाप्तिस्म्याद्वारे, तारले असे म्हटले आहे. तीमथ्याला दुसरे पत्र १:६ मध्ये पौलाच्या हात ठेवण्याद्वारे तीमथ्याला मिळालेल्या कृपादानाचा उल्लेख आहे. प्रेषितांची कृत्ये ८:१८ मध्ये तर प्रेषितांच्या हात ठेवण्याद्वारे पवित्र आत्मा दिला जातो हे पाहून शिमोन नावाचा जादूगार चक्क पैसे पुढे करतो. त्याला मिळालेली खरमरीत कानउघाडणी महत्त्वाची आहे: दान खरोखर हातांतून पोहोचते, पण ते हात असणाऱ्याच्या मालकीचे होत नाही.

पाणिनीच्या परिभाषेत हे फार नेमके मांडता येते. ‘साधकतमं करणम्’, म्हणजे क्रियेच्या सिद्धीला जे सर्वाधिक उपकारक ते करण. कर्ता मात्र स्वतंत्र असतो. कुऱ्हाडीने झाड तुटते, पण तोडणारा कुऱ्हाड नव्हे. तेराव्या शतकात कॅथलिक धर्मशास्त्रज्ञ थॉमस अक्विनासनेही संस्कारांना साधनरूप कारण म्हटले आणि कृपेचे मूळ कारण देवालाच मानले. कॅथलिक अर्थाने ‘साधन’ हा शब्द असा करणवाचक आहे. पाणी, तेल, भाकर, द्राक्षारस आणि हात ही करणे, कर्ता देव. १५४७ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने संस्कार ज्या कृपेची खूण आहेत ती कृपा ते देतातही, असे ठरवले. त्यामागे हाच भेद आहे.

पुढील शंका : पण इफिसकरांस पत्र २:८ मध्ये तारण कृपेने व ‘विश्वासाच्या द्वारे’ होते असे स्पष्ट लिहिले आहे. मग स्नानाला जागा कुठे उरते?

उत्तर : शंका रास्त आहे आणि योगायोग असा की तेथेही ‘दिआ’च आहे. एकाच लेखनपरंपरेत विश्वासाद्वारे आणि स्नानाद्वारे अशी दोन्ही विधाने येत असतील, तर एकाने दुसऱ्याला बाद करण्याची गरज नाही, असे कॅथलिक वाचन सांगते. मार्कच्या पाचव्या अध्यायातील रक्तस्रावाने पीडित स्त्री येशूच्या वस्त्राला शिवते. त्याच्यातून शक्ती निघते, आणि तरीही तो तिला ‘तुझ्या विश्वासाने तुला बरे केले’ असे सांगतो. वस्त्र आणि विश्वास दोन्ही तेथे आहेत. विरुद्ध बाजूचे, म्हणजे संस्कारांना साधन न मानणारे, वाचक पेत्राचे पहिले पत्र ३:२१ पुढे करतात. तेथे बाप्तिस्मा तारतो असे म्हणून लगेच शरीराचा मळ धुणे हा त्याचा अर्थ नव्हे असे सांगितले आहे. माझ्या मते त्या ओळीने साधन नाकारले जात नाही, त्याचा जादूटोण्यासारखा अर्थ मात्र नाकारला जातो.

मात्र तीताच्या पत्रातील ओळ पुन्हा वाचावी, कारण तिची रचनाच बोलकी आहे: आपण केलेल्या धार्मिक कृत्यांनी नव्हे, तर स्नानाद्वारे. म्हणजे स्नान हे मानवी कृत्यांच्या यादीत नाही; ते त्या यादीच्या विरुद्ध बाजूला ठेवलेले आहे. येथे ‘साक्रामेंत’साठी मराठीतील ‘विधी’ हा पर्याय मला अपुरा वाटतो, कारण विधी माणूस करतो. ‘संस्कार’ त्याहून बरा, कारण संस्कार होतो तो दुसऱ्याकडून. मात्र ‘मुलांवर चांगले संस्कार’ या रूढ अर्थामुळे तो शिकवणुकीकडे झुकतो. ‘बाप्तिस्मा घेणे’ या आपल्या सवयीच्या प्रयोगातही घेणारा कर्ता होऊन बसतो, तर प्रेषितांची कृत्ये २:३८ मधील मूळ क्रियापद कर्मणी आहे: प्रत्येकाचा बाप्तिस्मा व्हावा.