लाँग रनचा कर्व्ह प्रत्येक शॉर्ट रनच्या तळाला का टेकत नाही?

एसवायची_पोरगी: परवा पेपर आहे आणि हे एकच डोक्यात बसत नाहीये. एफिशियंट स्केल म्हणजे जिथे सरासरी खर्च सगळ्यात कमी, इथपर्यंत ठीक, पण प्रत्येक प्लांटच्या शॉर्ट रन कर्व्हला (प्लांट तोच ठेवून काढलेला सरासरी खर्च) स्वतःचा तळ असतोच ना, मग लाँग रनचा कर्व्ह (प्लांटही बदलता येत असतानाचा सरासरी खर्च) ते सगळे तळ जोडून का नाही काढत? कोणी सांगा प्लीज

लालबागकर: डायग्राम जरा बाजूला ठेव. माझ्या मावशीचं पोळीभाजी केंद्र आहे, आकडे समजायला घेतो. दोन तव्यांच्या गाळ्यात 400 पोळ्या केल्या तर एक 7 रुपयाला पडते, हा त्या गाळ्याचा तळ. ऑर्डर 500 ची आली की पहाटे एक बाई जादा बोलवायची, आणि लाटलेल्या पोळ्या तवा रिकामा होईपर्यंत सुकत बसतात, पोळी पडते 7.40 ला. चार तव्यांच्या गाळ्याचा तळ 800 ला, 6 रुपये, पण तिथे 500 च केल्या तरी 6.90. म्हणजे मोठा गाळा पूर्ण भरला नाही तरी लहान गाळा ताणण्यापेक्षा स्वस्तच! लाँग रनमध्ये गाळा, तवे, माणसं सगळं बदलता येतं, म्हणून प्रश्न "500 साठी स्वस्त गाळा कुठला" हा असतो, "या गाळ्यात स्वस्त किती" हा नाही. लाँग रनचा खर्च उतरत असेल तर कर्व्ह शॉर्ट रनच्या तळाच्या डावीकडे टेकतो, चढत असेल तर उजवीकडे, आणि दोघांचे तळ जुळतात ते फक्त लाँग रनच्या तळाशी.

गिरणगाव_परळ: ताई, घाबरू नकोस, 1931 च्या पेपरात अर्थशास्त्रज्ञ जेकब व्हायनरनेही हेच मागितलं होतं, कर्व्ह सगळ्या तळांतून जावा आणि कुठल्याच शॉर्ट रन कर्व्हच्या वर जाऊ नये. आकृती काढणारा वाँग गणिती होता, त्याने सांगितलं असं होऊच शकत नाही.
अजून एक, लाँग रनचा तळ सपाटही असू शकतो. तो जिथे सुरू होतो ते मिनिमम एफिशियंट स्केल. आमचे आजोबा गिरणीच्या साचेखात्यात म्हणजे विणकामात होते, विणकाम थोड्या मागांवरही परवडतं म्हणून भिवंडीच्या गाळ्यांत गेलं (टॅक्स आणि मजुरीचाही त्यात मोठा वाटा), त्रासनखात्याचं म्हणजे सुताचं तसं नाही, त्याला गिरणीच लागते.

एसवायची_पोरगी: 500 पोळ्यांवर दोन्ही कर्व्ह काढून बघितले, आत्ता दिसलं!! थँक्यू दादा