कार्ड चालते, मग डॉलरच्या ट्रेडिंगला मनाई काऊन?

मनीषनगरवाला
महिनाभर डेमो, म्हणजे खोट्या पैशांच्या खात्यावर युरो-डॉलरच्या भावावर खेळलो, गेल्या गुरुवारी बाहेरच्या एका प्लॅटफॉर्मवर डेबिट कार्डाने खरेखुरे 200 डॉलर टाकले. दोन मिनिटांचं काम, ओटीपीसुद्धा आला नाही. आता रूममेट म्हणून राहिला की हे बेकायदा आहे. माझं मत सरळ आहे. पगार माझा, टॅक्स कापून आलेला, कार्ड माझं, बुडाले तर माझेच बुडतील. शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीच्याच 2024 च्या अभ्यासात एफअँडओमधले, म्हणजे वायदे बाजारातले, 100 पैकी 93 जण तोट्यात निघाले, तरी ते दुकान जोरात सुरू आहे. मग डॉलरचंच एवढं सोवळं काऊन? आणि बेकायदा असतं तर बँकेने कार्ड चालू कसं दिलं?

निवृत्त कॅशियर
बेटा, पस्तीस वर्षं काउंटरवर काढली, म्हणून सांगतो. 1 ऑक्टोबर 2020 पासून नव्या कार्डावर परदेशी व्यवहार बंदच येतात. ते बटण ॲपमध्ये तू स्वतः चालू केलं असशील. बाहेरच्या दुकानदाराने ओटीपी मागितला नाही तर कार्ड तसंच चालून जातं. त्यात बँकेची परवानगी कुठे आली?

एलआरएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात. शिक्षण, उपचार, फिरणं, परदेशी शेअरसुद्धा चालतात. पण बाहेर चलनाचं ट्रेडिंग करायला किंवा मार्जिन, म्हणजे सौद्याची अनामत भरायला त्यातून पैसा पाठवता येत नाही, हे स्पष्ट लिहिलेलं आहे. फेमाच्या, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याच्या कलम 13 मध्ये रकमेच्या तिप्पटपर्यंत दंड आहे. 200 डॉलरसाठी कोणी तुझ्या दारात येईल असं मी म्हणत नाही. पण उद्या पैसे अडकले तर तक्रार कोणत्या तोंडाने करशील?

बुटीबोरीचं सूत
काकांचं बरोबर, पण अर्धंच. आमचा माल बाहेर जातो, बिलं डॉलरमध्ये, म्हणून हेजिंग करतो, म्हणजे डॉलरचा भाव हलला तरी नुकसान होऊ नये याची सोय. एनएसईवर 2008 पासून रुपया-डॉलरचे फ्युचर्स, म्हणजे पुढच्या तारखेचे वायदे आहेत, एक सौदा (लॉट) 1000 डॉलरचा, ब्रोकरकडे आपल्याच बँक खात्यातून पैसे भरायचे. पूर्वी कोणताही साधा माणूस तिथे उतरायचा. मग 3 मे 2024 पासून खरीखुरी परकीय चलनाची जोखीम हातात असल्याशिवाय सौदा करायचा नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम कडक झाला आणि लहान ट्रेडर बाजारातून उठून गेला. घरचं दार लावून घेतलं की पोरं खिडकीतून उड्या मारणारच. यात रिझर्व्ह बँकेचा काहीच दोष नाही म्हणता?

निवृत्त कॅशियर
दार लावलं हे मला पटतं. चुकलं की बरोबर, यावर वाद घालू. पण खिडकीखाली विहीर आहे त्याचं काय?

सीए पण सावजीवाला
कायदा बाजूला ठेवा, हिशेब पाहा. बहुतेक कार्डांवर परदेशी व्यवहाराला साडेतीन टक्क्यांच्या आसपास मार्कअप, म्हणजे बँकेचा जादा आकार, त्यावर 18 टक्के जीएसटी. म्हणजे 200 डॉलर टाकतानाच सव्वाआठ डॉलर गेले, सौदा अजून झालाच नाही. क्रेडिट कार्ड असतं आणि बँकेने ते रोख उचल धरलं असतं तर पहिल्या दिवसापासून व्याज. वर हे प्लॅटफॉर्म 1:500 लिव्हरेज देतात, म्हणजे एक डॉलर ठेवून पाचशेचा सौदा. 200 वर लाख डॉलरचा सौदा! भाव 0.2 टक्के उलटा गेला की खातं साफ. तर्री पोहे संपेपर्यंतसुद्धा टिकत नाही भाऊ.

मनीषनगरवाला
मी 1:500 घेतच नाही, 1:20 वर आहे. आणि रिझर्व्ह बँकेच्या अलर्ट लिस्टमध्ये, म्हणजे परवाना नसलेल्या प्लॅटफॉर्मच्या यादीत माझ्या प्लॅटफॉर्मचं नाव नाही, पाहूनच पैसे टाकले.

खामल्याची मावशी
ती यादी सप्टेंबर 2022 मध्ये आली तेव्हा 34 नावं होती, नंतर वाढत गेली. यादीत नाव नाही म्हणजे परवाना आहे असं समजू नका, हे त्यांनीच लिहून ठेवलंय.

माझ्या भाच्याचं सांगते. भरताना सगळं गोड. काढायला गेला तर आधी 'टॅक्स' भरा, तोही कार्डाने. त्याने भरला. मग 'व्हेरिफिकेशन फी'. बँकेत गेलो तर म्हणे, व्यवहार तुम्हीच केलाय, फसवणुकीने कोणी केला नाही. स्टेटमेंटवर ट्रेडिंगचं नावच नव्हतं, फर्निचरच्या दुकानाचं होतं. बँकेच्या मशीनला वाटलं पोराने सोफा घेतला. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, पण तोवर तीन आठवडे उलटले होते. तू आज एक काम कर. पन्नास डॉलर काढून बघ, आणि स्टेटमेंट उघड.

बुटीबोरीचं सूत
मावशी, सगळेच चोर नसतात. बाहेरच्या देशांत रीतसर परवाना असलेले ब्रोकरही आहेत.

खामल्याची मावशी
असतील. त्यांचा परवाना त्यांच्या देशात, आणि भांडायला तुम्ही नागपुरात.

मनीषनगरवाला
सकाळी पन्नास डॉलरचा विड्रॉल टाकला. 'प्रोसेसिंग' दाखवून राहिलं. कार्डावरचं परदेशी बटण बंद केलं. स्टेटमेंट पण पाहिलं. दुकानाचं नाव जोड्यांचं आहे.