संभाव्यतेची सूत्रे पाठ आहेत, पण उदाहरण सोडवताना उत्तर चुकते

प्रश्न

नमस्कार. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असून मानसशास्त्र हा माझा मुख्य विषय आहे. त्याबरोबर प्राथमिक संख्याशास्त्राची एक प्रश्नपत्रिका आहे. दहावीला संभाव्यतेचे प्रकरण होते, परंतु पुढे कला शाखा घेतल्यामुळे गणित सुटले आणि आता नमुना अवकाश (सर्व शक्य निकालांचा संच), घटना, निष्पत्ती (एकेक शक्य निकाल) हे शब्द ओळखीचे वाटले तरी हात चालत नाही. सूत्रे मला पाठ आहेत. अडचण अशी की, मला जी मांडणी बरोबर वाटते तिचे उत्तर पुस्तकातील उत्तराशी जुळत नाही आणि चूक कोठे झाली हेही कळत नाही. माझी तीन उदाहरणे देते.

पहिले: दोन फासे टाकले असता बेरीज ७ येण्याची संभाव्यता काढा. बेरीज २ ते १२ यांपैकी काहीही येऊ शकते, म्हणजे अकरा शक्यता झाल्या, म्हणून मी १/११ लिहिले. पुस्तकात १/६ आहे. त्यात (३, ४) आणि (४, ३) वेगळे मोजले आहेत. दोन्ही फासे हुबेहूब सारखे असतील आणि एकदमच टाकले असतील, तर ते वेगळे का मोजायचे?

दुसरे: पिशवीत ५ लाल व ३ हिरव्या गोट्या आहेत. एकापाठोपाठ दोन गोट्या काढल्या आणि पहिली परत ठेवली नाही, तर किमान एक हिरवी असण्याची संभाव्यता किती? मी ३/८ अधिक ३/८ असे करून ३/४ लिहिले. उत्तर ९/१४ आहे.

तिसरे उदाहरण नसून शंका आहे. परस्पर अपवर्जी घटना आणि स्वतंत्र घटना यांत फरक काय? दोन्हींचा अर्थ ‘एकमेकींशी संबंध नाही’ असाच आहे, असे मी समजत होते.

उत्तर १ (निवृत्त कनिष्ठ महाविद्यालयीन शिक्षक)

तुमचा पहिला प्रश्न या विषयाच्या मुळाशी जातो, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देतो.

अनुकूल निष्पत्तींची संख्या भागिले एकूण निष्पत्तींची संख्या, हे सूत्र आपण पाठ करतो. पण त्याच्या आधीची अट आपल्याकडून हमखास निसटते. ती अट म्हणजे सर्व निष्पत्ती समसंभाव्य, म्हणजे प्रत्येक येण्याची शक्यता सारखीच, असल्या पाहिजेत. तुम्ही अकरा शक्यता मोजल्या ते चूक नाही, परंतु त्या अकरा समसंभाव्य नाहीत. बेरीज २ येण्यासाठी दोन्ही फाशांवर १ यावाच लागतो; बेरीज ७ मात्र सहा प्रकारे जमते.

आता सारख्या फाशांविषयी. लुडोच्या दोन सारख्या फाशांपैकी एकावर लाल शाईचा ठिपका द्या. ठिपक्यामुळे फासे काही वेगळ्या रीतीने पडू लागत नाहीत, म्हणजे ठिपक्यापूर्वी जी संभाव्यता होती तीच नंतरही आहे. परंतु आता तुम्हाला स्पष्ट दिसेल की ३ आणि ४ ही जोडी दोन प्रकारे येते: ठिपक्याच्या फाशावर ३ व दुसऱ्यावर ४, किंवा याच्या उलट. ३ आणि ३ ही जोडी मात्र एकाच प्रकारे येते. फासे सारखे दिसतात हा आपल्या डोळ्यांचा प्रश्न आहे. फासे दोनच आहेत आणि ते एकमेकांपासून वेगळे आहेत.

या ठिकाणी मोठी माणसेही चुकली आहेत. फ्रेंच गणिती दालाँबेर यांनी १७५४ साली फ्रेंच विश्वकोशातील लेखात दोन वेळा नाणे उडवून किमान एक छापा मिळण्याची संभाव्यता २/३ मानली. त्यांचा युक्तिवाद असा की पहिल्याच वेळी छापा आला तर खेळ संपला. म्हणून छापा, काटा-छापा आणि काटा-काटा अशा तीनच निष्पत्ती आहेत. परंतु यांतील पहिलीची संभाव्यता १/२ आणि उरलेल्या दोन्हींची १/४ प्रत्येकी आहे. खरे उत्तर ३/४. तुमची चूक आणि त्यांची चूक एकाच जातीची आहे.

याच्या उलट गॅलिलिओने सतराव्या शतकाच्या आरंभी हीच गोष्ट अचूक मोजून दाखवली होती. तीन फाशांवर बेरीज ९ अंकांच्या सहा गटांनी (क्रम न पाहता) होते आणि बेरीज १० देखील सहाच गटांनी होते. तरीही जुगाऱ्यांना अनुभवाने १० किंचित अधिक वेळा येताना दिसे. गट न मोजता फाशांचे क्रम मोजले की २१६ पैकी ९ साठी २५ आणि १० साठी २७ मिळतात. फरक एवढा बारीक असूनही तो खेळणाऱ्यांच्या लक्षात आला होता, याचे मला विद्यार्थ्यांना शिकवताना दर वर्षी नवल वाटत आले.

सराव म्हणून चौकटीच्या वहीत सहा ओळी व सहा स्तंभांचा तक्ता काढा आणि प्रत्येक घरात बेरीज लिहा. सातांची तिरपी रांग लगेच दिसेल. त्याच तक्त्यावरून बेरीज किमान ९ असणे, दोन्ही अंक समान असणे आणि पहिला अंक दुसऱ्यापेक्षा मोठा असणे यांची संभाव्यता काढा. उत्तरे अनुक्रमे १०/३६, ६/३६ व १५/३६ येतील. हा तक्ता हाताने काढल्याशिवाय पुढचे उदाहरण घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तर २

गोट्यांच्या उदाहरणाविषयी लिहितो. तुमची पद्धत तपासण्याचा सोपा उपाय म्हणजे तीच पद्धत जरा ताणून पाहणे. दोनऐवजी तीन गोट्या काढल्या तर तुमच्या रीतीने किमान एक हिरवी असण्याची संभाव्यता ९/८ येईल. संभाव्यता १ पेक्षा मोठी असूच शकत नाही, म्हणजे पद्धतीतच दोष आहे. तो दोष असा की दोन्ही गोट्या हिरव्या असण्याचा प्रसंग तुम्ही दोनदा मोजला. त्याची संभाव्यता (३/८) × (२/७), म्हणजे ६/५६. तुमच्या ४२/५६ मधून ती एकदा वजा केली की ३६/५६, म्हणजेच ९/१४ मिळते.

परंतु ‘किमान एक’ हे शब्द दिसले की पूरक घटनेचा, म्हणजे ती घटना न घडण्याचा, विचार करण्याची सवय लावून घ्यावी. एकही हिरवी नसणे म्हणजे दोन्ही लाल असणे: (५/८) × (४/७) = २०/५६. एकातून वजा केले की पुन्हा ३६/५६. तीन गोट्यांसाठी बेरीज-वजाबाकीची वाट लांबते, पूरक घटनेची मात्र एका ओळीत संपते. उत्तर २३/२८ येते, करून पाहा.

फ्रेंच गणिती पास्कलने २९ जुलै १६५४ रोजी दुसरा फ्रेंच गणिती फर्मा याला लिहिलेल्या पत्रात शेव्हालिए द मेरे या ओळखीच्या सरदाराची अशीच एक अडचण मांडली आहे. एक फासा चार वेळा टाकून किमान एक ६ आणण्याची पैज लाभाची ठरते, मग दोन फासे चोवीस वेळा टाकून किमान एकदा दोन्ही ६ आणण्याची पैज तोट्याची का? चार वेळांना सहा निष्पत्ती आणि चोवीस वेळांना छत्तीस निष्पत्ती, हे प्रमाण तर एकच आहे! पूरक घटनेने पहिल्याचे उत्तर ६७१/१२९६, म्हणजे सुमारे ०.५१८, आणि दुसऱ्याचे सुमारे ०.४९१ येते. प्रमाण सारखे म्हणून संभाव्यता सारखी, हा तर्क येथे कोसळतो.

उत्तर ३ (संख्याशास्त्राची पदव्युत्तर विद्यार्थिनी)

तिसरी शंका मलाही बराच काळ होती. ५२ पत्त्यांच्या कॅटमधून एकच पत्ता काढा. ‘इस्पिक येणे’ आणि ‘बदाम येणे’ या घटना परस्पर अपवर्जी आहेत, कारण दोन्ही एकाच वेळी घडू शकत नाहीत. पण त्या स्वतंत्र मुळीच नाहीत: पत्ता इस्पिकचा आहे असे समजले की तो बदामाचा नसल्याची पूर्ण खात्री होते. एका घटनेची माहिती दुसरीविषयी इतके सांगत असेल, तर तिथे संबंध नाही असे कसे म्हणावे?

आता ‘एक्का येणे’ आणि ‘इस्पिक येणे’ पाहा. इस्पिकचा एक्का असल्यामुळे या अपवर्जी नाहीत. पत्ता इस्पिकचा आहे हे कळले तरी एक्का असण्याची संभाव्यता पूर्वीसारखी १/१३ च राहते; म्हणून या स्वतंत्र आहेत. (१/१३) × (१/४) = १/५२ हेही जुळते.

यापुढचा सराव मला फार उपयोगी पडला. किलवरची दुर्री बाजूला काढून ५१ पत्त्यांवर हीच तपासणी करा. ४/५१ आणि १३/५१ यांचा गुणाकार ५२/२६०१ येतो, तर इस्पिकच्या एक्क्याची संभाव्यता १/५१, म्हणजे ५१/२६०१ आहे. एक पत्ता हरवला आणि स्वातंत्र्य गेले. त्यामुळे दोन घटना स्वतंत्र आहेत की नाहीत हे त्यांच्या वर्णनावरून न ठरवता गुणाकार करूनच ठरवावे.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सर, तक्ता काढला आणि तिन्ही उत्तरे जुळली. तीन गोट्यांचे २३/२८ देखील आले.

आणखी एका उदाहरणात अडले आहे. तीव्र चिंतेचा त्रास ओळखण्याच्या एका चाचणीविषयी पुढील गोष्टी गृहीत धरल्या आहेत. ५ टक्के विद्यार्थ्यांना त्रास आहे. त्रास असलेल्यांपैकी ९० टक्के चाचणीत सापडतात. त्रास नसलेल्यांपैकी १० टक्के चुकून सापडतात. चाचणीत सापडलेल्या विद्यार्थ्याला खरोखर त्रास असण्याची संभाव्यता विचारली आहे. मी ०.९ लिहिले आणि ते चुकले.

उत्तर ३ (संख्याशास्त्राची पदव्युत्तर विद्यार्थिनी)

तुम्ही लिहिलेली ०.९ ही त्रास असताना चाचणीत सापडण्याची संभाव्यता आहे. विचारले आहे ते याच्या उलट. अशा वेळी टक्केवारी बाजूला ठेवून १००० विद्यार्थी डोळ्यांसमोर आणा. त्यांपैकी ५० जणांना त्रास आहे व त्यांतील ४५ सापडतात. उरलेल्या ९५० पैकी ९५ चुकून सापडतात. म्हणजे सापडलेले एकूण १४०, आणि त्यांत खरा त्रास असलेले ४५. संभाव्यता ४५/१४०, सुमारे ०.३२.

जर्मन मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगरेन्झर यांनी हाच आग्रह धरला आहे की अशी माहिती टक्क्यांऐवजी माणसांच्या संख्येत मांडली, तर लोकांना ती अधिक बरोबर समजते. तुमचा विषय मानसशास्त्र असल्याने ही मांडणी पुढेही उपयोगी पडेल. आता त्रास असलेले ५ टक्क्यांऐवजी १ टक्का धरा, बाकी सर्व तसेच ठेवा आणि उत्तर कळवा.

प्रश्नकर्ती

१००० पैकी १० जणांना त्रास, त्यांतील ९ सापडले. उरलेल्या ९९० पैकी ९९ चुकून सापडले. ९/१०८, म्हणजे १/१२. चाचणी तीच असूनही सापडलेल्या बारांपैकी अकरांना त्रास नाही, हे पाहून मी आकडे दोनदा तपासले.