भंगारात न गेलेलं एलएसटी-३२५
रणगाडे थेट किनाऱ्यावर उतरवणारी एलएसटी ('लँडिंग शिप, टँक') जहाजं दुसऱ्या महायुद्धानंतर सगळी भंगारात गेली, असं वाटू शकतं. बहुतेक गेलीच, पण अमेरिकेचं एलएसटी-३२५ आजही तरंगतंय!

१९४३ ला ते इटलीतल्या सिसिली आणि सालेर्नोच्या चढायांत होतं, ७ जून १९४४ ला फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या ओमाहा किनाऱ्यासमोर. डिसेंबर १९४४ मध्ये बुडणाऱ्या 'एम्पायर जॅव्हलिन' या सैनिकवाहू जहाजावरच्या सुमारे ७०० जणांना त्याने वाचवलं, हे फारसं कुणी सांगत नाही.

रचना तर बघा. तळ सपाट. खोल समुद्रात टाक्यांत पाणी भरून जहाज जड करायचं, किनारा आला की पाणी उपसून हलकं करायचं. वाळूत रुतण्याआधी मागचा नांगर टाकायचा. गाड्या उतरल्या की त्या नांगराचाच पोलादी दोर गुंडाळत स्वतःला मागे ओढून घ्यायचं.

१९६४ ला ते ग्रीसकडे गेलं, 'सिरोस' नावाने १९९९ पर्यंत राबलं. मग सरासरी बहात्तर वर्षं वयाच्या अमेरिकी माजी नौसैनिकांनी ग्रीसच्या क्रीट बेटावर जाऊन ते दुरुस्त केलं आणि ऐन हिवाळ्यात अटलांटिक पार करून जानेवारी २००१ मध्ये अलाबामातल्या मोबील बंदरात आणलं. मला तर या जहाजाची हीच सर्वांत मोठी मोहीम वाटते.