चालता कॉम्प्युटर मोडीत का काढायचा?

टेबलाखालचा डबा (धागाकर्ता)

घरातला कॉम्प्युटर सुरू होईपर्यंत चहा गार व्हायला लागला, की सगळीकडे एकच निकाल: "जुना झाला, नवीन घ्या." मला हे पटत नाही. बऱ्याचदा बिचाऱ्या प्रोसेसरचा काही दोष नसतो, रखडत असते ती हार्डडिस्क. टास्क मॅनेजर उघडून बघा. डिस्क शंभर टक्क्यांवर अडकलेली आणि सीपीयू दहा-पंधरावर निवांत असेल, तर चोर सापडला. ७२०० आरपीएमच्या तबकडीला नुसता अर्धा फेरा मारायलाच चार मिलिसेकंद लागतात, हेड सरकायचा वेळ वेगळा. विंडोज सुरू होताना हजारो बारक्या फायली वाचाव्या लागतात, तिथे हा उशीर साचत जातो. एसएसडीत, म्हणजे चिपांवर माहिती साठवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारं काही नसतंच.

तेव्हा एसएसडी टाका, रॅम ४ जीबी असेल तर ८ किंवा १६ करा आणि वाचलेले पैसे डोळ्यांवर आणि बोटांवर घाला: चांगला आयपीएस (बाजूने बघितलं तरी रंग नीट दिसणारा) मॉनिटर, बरा कीबोर्ड. नवाकोरा टॉवर आणि समोर तोच अंधुक मॉनिटर, याला मी तरी अपग्रेड म्हणणार नाही.

कोरी पाटी

साफ असहमत. एसएसडीने वेग येईल, मान्य. पण विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. पुढची मुदतवाढ घेतली तरी घरगुती वापरासाठी ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. विंडोज ११ अधिकृतपणे हवं तर टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी सोय) पाहिजे आणि प्रोसेसर साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून किंवा रायझन २००० मालिकेपासून पुढचा. ज्या यंत्रावर बँकेचे व्यवहार करता, त्याला सुरक्षेचे अपडेट मिळणार नसतील तर त्याच्या वेगाचं कौतुक काय करायचं?

आणि त्या जुन्या मदरबोर्डात डीडीआर३ (जुन्या पिढीची रॅम) असेल तर ती रॅम नव्या बोर्डात बसतसुद्धा नाही, खाचच वेगळ्या जागी असते. तिथे घातलेले पैसे त्या डब्याबरोबरच जाणार.

टेबलाखालचा डबा

रॅमचं म्हणणं डीडीआर३ पुरतं मान्य. एसएसडी मात्र काढून पुढच्या कॉम्प्युटरला लावता येते.

टीपीएमबद्दल एक सांगतो. "तुमचा पीसी पात्र नाही" असा संदेश आला की लोक थेट दुकान गाठतात. अनेक बोर्डांवर टीपीएम असतं, फक्त बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) बंद केलेलं असतं. इंटेलच्या बोर्डावर पीटीटी आणि एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम या नावाने शोधा. प्रोसेसरच जुना असेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टीम आहेच.

शिवाय नवं घ्यायला सांगताय तर रॅमचे भाव बघितलेत का? २०२५ च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी ओढून घेतल्यामुळे ते भडकलेत. मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉन कंपनीने तर क्रूशल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच गुंडाळायचं जाहीर केलं. अशा वेळी चालतं यंत्र टाकून द्यायचं?

घरचा फुकट मेकॅनिक

लिनक्सचा सल्ला देणाऱ्यांना एक नम्र विनंती: सोबत स्वतःचा फोन नंबरही देत चला. प्रिंटर चालतो पण त्याचा स्कॅनर रुसून बसतो, तेव्हा घरचे मलाच हाक मारतात. मी स्वतः मिंट वापरतो, तक्रार नाही. पण आईच्या कॉम्प्युटरवर ते घालणार नाही.

वायरमन

रॅम-एसएसडीवर इतकं भांडताय, एसएमपीएसचं (आतल्या भागांना वीज पुरवणाऱ्या पॉवर सप्लायचं) नावही कुणी काढलं नाही! जुन्या डब्यात नवं ग्राफिक कार्ड ठोकणारे कार्डाला किती वॅट लागतात ते बघतात, पण एसएमपीएस कुठल्या लायकीचा आहे ते बघत नाहीत. हलक्या एसएमपीएसच्या स्टिकरवर माझा विश्वास नाही. तो जाताना कधी कधी बोर्डही घेऊन जातो.

तेच यूपीएसचं. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हे, घरगुती यूपीएसमध्ये ते बहुधा ३६० च्या आसपास भरतात. लेझर प्रिंटर त्याच्या बॅटरीवर चालणाऱ्या सॉकेटला लावू नका, एवढं ऐका.

मांडीवरचा

सगळी चर्चा टॉवरची. ज्यांच्याकडे लॅपटॉपच आहे त्यांनी काय करायचं? आजच्या कित्येक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, म्हणजे पुढे वाढवायचा विषयच संपला. तिथे धागाकर्त्याचा रॅम वाढवायचा सल्ला चालत नाही. घेतानाच १६ जीबी घ्या, नाहीतर मोकळा स्लॉट आहे का ते विचारा. बाहेरचा मॉनिटर आणि कीबोर्ड लावण्याबद्दल मात्र +१. मान वाचते.

कोरी पाटी

@टेबलाखालचा डबा, भाव वाढलेत म्हणून निर्णय पुढे ढकला, चालेल. पण जुनं तेच शहाणपणाचं असं तत्त्व करू नका.

"पुढे अपग्रेड करता येईल" हे वाक्य विकणाऱ्याचं आवडतं. एएमडीच्या एएम४ सॉकेटने (बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा) ते खरं केलं, हे कबूल: २०१७ च्या कित्येक बोर्डांवर बायोस अपडेट करून २०२२ चा ५८००एक्स३डी प्रोसेसर चालतो. उलट इंटेलची आठवी पिढी आली तेव्हा पिना तेवढ्याच, ११५१, तरी आधीचे बोर्ड चालेनात. आणि सॉकेट चांगला असला तरी घरी प्रोसेसर बदलणारे असे कितीसे असतात? तोवर बोर्ड, रॅम, सगळंच बदलायची वेळ येते.

मॉनिटरवर पैसे घाला, इथे भांडण नाही. फक्त २७ इंची घेणार असाल तर १४४० रेझोल्यूशनचा (उभ्यात १४४० पिक्सेल) घ्या. २७ वर १०८० म्हणजे इंचाला जेमतेम ८२ पिक्सेल, मराठी जोडाक्षरं आणि रफार दातेरी दिसतात.

टेबलाखालचा डबा

२४ इंची १०८० ला ९२ पडतात, मला तेवढे पुरतात. १४४० घेतला की तुम्हीच म्हणाल, आता ग्राफिक कार्ड बदला.

कोरी पाटी

गेम खेळत असाल तरच म्हणेन. नुसत्या एक्सेलला कार्ड कशाला?