येझदीची फ्रेम कापू नका. बजेट कमी असेल तर मुळीच नाही

महालचा किकवाला

बाबांची १९८२ ची येझदी २५० मोटरसायकल माझ्याकडे आहे. बाबा काटोल तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते आणि सतरा वर्षं याच गाडीनं जाणं-येणं करत होते. १९९९ पासून ती नागपुरात आमच्या महाल भागातल्या बोळीत ताडपत्रीखाली उभी आहे. माझ्या हातात चाळीस हजार आहेत. पोळ्यापर्यंत ती स्वतःच्या किकवर सुरू व्हावी, एवढीच इच्छा.

तीन गॅरेजवाल्यांना दाखवली. तिघांचं म्हणणं एकच: "एवढ्या पैशात ओरिजिनल होणार नाही, कॅफे रेसर करून टाकू." म्हणजे सीटमागची फ्रेम कापायची, वाकवलेला पाइप वेल्ड करायचा, मडगार्ड काढायचे, बुटकं हँडल आणि एकट्याची सीट लावायची. मला हे चूक वाटतं, आणि भावना बाजूला ठेवून का चूक वाटतं ते सांगतो.

गाडीचा आजार मागच्या फ्रेममध्ये नाहीच, इंजिनात आहे. येझदी टू-स्ट्रोक आहे, आणि टू-स्ट्रोकची क्रँककेस, म्हणजे पिस्टनखालची बंद पेटी, हा एक पंप असतो. पिस्टन वर गेला की कार्बुरेटरमधून हवा, पेट्रोल आणि ऑइल खाली ओढलं जातं. पिस्टन खाली आला की तेच दाबलं जाऊन पोर्टमधून (सिलिंडरच्या भिंतीतल्या भोकांतून) सिलिंडरमध्ये चढतं. म्हणून क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याच्या) दोन्ही टोकांची सीलं हवाबंद लागतात. पंचवीस वर्षं उभ्या गाडीचं रबर दगड झालेलं असतं. क्लचच्या बाजूचं सील गेलं की इंजिन गिअरबॉक्सचं ऑइल पितं आणि पांढरा धूर सोडतं. डायनॅमोच्या बाजूचं गेलं की बाहेरची हवा आत शिरते, पेट्रोल कमी पडतं, पिस्टन तापतो. आपल्याकडच्या मे महिन्यात, पंचेचाळीस अंशांत, कामठी रोडवर असं इंजिन जाम व्हायला अर्धा तास पुरतो. वर सीट कितीही देखणी असो.

माझा हिशोब असा. क्रँक उघडून कनेक्टिंग रॉड, बेअरिंग आणि सीलं बदलायला साडेआठ हजार. रिबोअर (झिजलेला सिलिंडर आतून कोरून किंचित मोठा करणं) आणि पिस्टनला साडेतीन. क्लच प्लेट, प्रायमरी चेन यांना तीन. कार्बुरेटरला अठराशे, वायरिंग आणि बॅटरीला चार हजार, टायर-ट्यूबना पाच, ब्रेक शूज, केबल आणि स्पोकना साडेतीन, पुढच्या शॉकअपच्या सीलांना बाराशे. कागदपत्रांसाठी चार हजार वेगळे ठेवलेत. झाले साडेचौतीस हजार. उरलेल्या साडेपाच हजारांत रंग होईल तेवढा होईल, आणि माझ्या लेखी रंग सगळ्यात शेवटी आहे.

आणखी एक गोष्ट गॅरेजवाले बोलत नाहीत. येझदीत गिअरचा लिव्हर हीच किक असते. आत दाबून फिरवला की तोच दांडा किक होतो. कॅफे रेसरमध्ये फूटरेस्ट मागे न्यावे लागतात. मग गिअरसाठी जोडदांडे बनवायचे आणि किकसाठी पाय पुन्हा पुढे आणायचा. ज्या गमतीसाठी लोक येझदी घेतात, नेमकी तीच मोडते.

माझा नियम एकच आहे: जे बोल्ट काढून परत पहिल्यासारखं करता येतं ते बदला, कापून वेल्ड करावं लागतं त्याला हात लावू नका. कोणाचं मत वेगळं असेल तर जरूर सांगा.

हिंगण्याचा फॅब्रिकेटर

माझं मत पूर्ण वेगळं आहे. मी एमआयडीसीत पाइप वाकवण्याचं आणि वेल्डिंगचं काम करतो, म्हणून हातच्या अनुभवानं बोलतो.

तुम्ही "ओरिजिनल" कशाला म्हणता भाऊ? येझदी बनवणारा म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद झाला. आज पिस्टन, केबल, मडगार्ड, टाकीवरचा बिल्ला म्हणून जे मिळतं ते बहुतेक अलीकडेच दुसऱ्या कोणीतरी बनवलेलं असतं. तुमच्या हिशोबानंच पाहा: पिस्टन नवा, सीलं नवी, वायरिंग नवं, टायर नवे. मग मागचा पाइप तेवढा पवित्र कसा?

दुसरं, क्रोम. खरं क्रोम म्हणजे आधी तांबं, मग निकेल, मग क्रोम. रिम, हँडल, सायलेन्सर आणि टाकीच्या बाजू असं सगळं नीट करायला गेलात तर तुमचे साडेपाच हजार कुठल्या कुठे जातील. पैसे वाचवले तर प्लेटिंगवाला तांब्याचा थर गाळतो आणि दुसऱ्या पावसाळ्यात पापुद्रे निघतात. त्यापेक्षा पावडर कोटिंग करा, मडगार्ड छोटे करा, क्रोमचा विषयच संपवा. पैसे नसलेल्या माणसासाठी कस्टम हाच प्रामाणिक मार्ग आहे. हौसेसाठी नाही, परवडतं म्हणून.

मी एक राजदूत १७५ अशीच केली. दूधवाल्याची होती, कॅनच्या कड्या लावून मागची फ्रेम अर्धी गंजलेली. गंजलेला भाग कापला, आतून स्लीव्ह घालून नवीन पाइप जोडला. सगळं मिळून अठ्ठावीस हजारांत. चार वर्षं रोज कामावर त्याच गाडीनं जातो. कोणी "इतिहास मोडला" म्हणालं तर मी म्हणतो, तो इतिहास भंगारात किलोवर जाणार होता.

किक-गिअरच्या लिव्हरचं मात्र बरोबर बोललात. येझदीवर मीही फूटरेस्ट हलवणार नाही.

‘आधी आरसी पाहा’ म्हणणारा

दोघांनीही कायदा सोडला. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवर नोंदलेला आणि कंपनीनं ठरवलेला तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२अ आलं: बेकायदा फेरफाराला दर फेरफारामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. चाळीस हजारांच्या बजेटमध्ये हा धोका कुठे बसवणार?

विंटेज नोंदणीची आशा कोणी दाखवली तर तिच्या मागे लागू नका. जुलै २०२१ च्या नियमांनुसार त्यासाठी गाडी पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी लागते, मूळ स्थितीत लागते, आणि नव्या नोंदणीची फी वीस हजार आहे. शिवाय अशी गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर काढता येते. १९८२ ची गाडी त्यात बसतच नाही. तुम्हाला नोंदणीचं साधं नूतनीकरणच करायचं आहे, दर पाच वर्षांनी.

हातानं लिहिलेलं जुनं आरसी बुक असेल तर ऑनलाइन नोंद आहे का ते पहिल्यांदा पाहा. नसेल तर बॅकलॉग नोंद, म्हणजे जुन्या पुस्तकाची ऑनलाइन नोंद, करून घ्या. आणि इंजिन उघडण्याआधी इंजिन नंबर, चासी नंबर पुस्तकाशी जुळवा. रंगवाला चासी नंबरावर पुट्टी भरून मोकळा होतो, मग तपासणीत तुम्हीच अडकता.

हिंगण्याचा फॅब्रिकेटर

कायदा मान्य. माझ्या राजदूतला तो लागू पडतो हेही मान्य, खोटं बोलणार नाही. पण गंजून तुटायला आलेली फ्रेम जोडणं हा फेरफार की दुरुस्ती? रस्त्यावर मधोमध फ्रेम तुटली तर कलम ५२ मला उचलायला येणार नाही. इलाज आणि हौस यांच्यात फरक करा, एवढंच म्हणणं.

लक्ष्मीनगरची ताई

मला दोघांनाही एक सांगायचं आहे. माझ्या भावानं अशीच जुनी गाडी घेतली. पहिल्याच रविवारी सगळी उघडली. नट एका डब्यात, बोल्ट दुसऱ्या डब्यात, कुठला कुठे बसतो याची खूण नाही. क्रँक एका गॅरेजला दिला, त्यांनी आठ महिने ठेवून तसाच परत केला. पैसे सीट आणि रंगावर आधीच गेले होते. आज तिसरं वर्ष आहे. टाकी माळ्यावर, इंजिन पोत्यात, फ्रेम व्हरांड्यात. आई रोज त्याला अडखळते.

तुम्ही मूळ रूप की कस्टम हे भांडताय. कमी पैशात गाडी मरते ती सगळी एकदम उघडल्यामुळे. माझं मत ऐका: तिला आहे तशी गंजकी, ओरखड्यांची आधी चालू करा. टाकी स्वच्छ करा, सीलं बदला, ब्रेक करा, आणि चालवा. पुढचा पगार झाला की पुढचं काम. बाबांच्या हातानं झिजलेलं हँडलचं रबर आणि टाकीवरची गुडघ्याची खूण तुम्ही रंगाखाली का घालवताय? सतरा वर्षं तो माणूस त्या गाडीवर बसला, ते दिसू द्या ना.

टाकीसाठी ॲसिडवाल्याकडे जाऊ नका. किराणा दुकानातलं निंबूसत गरम पाण्यात घालून टाकी काठोकाठ भरा, रात्रभर ठेवा. गंज जाड असेल तर मूठभर नट आत टाकून हलवा, पण ते मोजून टाका, मोजून काढा. मग खायच्या सोड्याच्या पाण्यानं धुवा, लगेच वाळवा आणि ऑइल मिसळलेलं थोडं पेट्रोल आत फिरवा, नाहीतर तासाभरात लाली चढते. आमच्याकडे नीट झालेलं एवढं एकच काम आहे, ते मी केलं होतं.

गांधीबागेतला शेजारी

एक बाजू कोणीच मांडत नाही. टू-स्ट्रोकमध्ये काही पेट्रोल आणि ऑइल न जळताच सायलेन्सरमधून बाहेर पडतं, कारण नवीन मिश्रण आत येताना धुराचा पोर्ट उघडाच असतो. इंजिन नवं केलं तरी हे होणारच, रचनाच तशी आहे. आमच्या गल्लीत दोन घरांच्या मधे आठ फूट जागा आहे. खालच्या मजल्यावर दम्याचं पोरगं आहे. तुमच्या आठवणी खऱ्या, पण तो धूर दुसऱ्याच्या घरात जातो. चाळीस हजारांत चांगली फोर-स्ट्रोक सेकंडहँड येते.

कळमेश्वरचे काका

राजेहो, मी सगळ्यायचं वाचलं. एक गोष्ट कोणीच नाही बोलून राहिलं. या गाडीचं लाइट सहा व्होल्टचं हाय. माह्याकडे होती, मले माहीत हाय. रात्री कळमेश्वरहून निघालो का समोरच्या ट्रकच्या उजेडात आपला उजेड दिसतच नाही. एकदा बिना लाइटची बैलगाडी दहा हातांवर आली तेव्हा दिसली. ब्रेक ड्रमचे. वाचलो, पण हँडल वाकडं झालं.

तवाचे रस्ते मोकळे होते, आता वर्धा रोडवर पोट्टे कुठून घुसतील नेम नाही. म्हणून बारा व्होल्टचं किट बसवा, ब्रेक शूज घासून ड्रमले बरोबर बसवून घ्या, ड्रम अंडाकृती झाला असंल तर खरादवाल्याकडून सरळ करा. ते ओरिजिनल नसलं तरी चालते. जुनं जपा, पण अंधारात जीव काऊन द्यायचा?

महालचा किकवाला

काका, बारा व्होल्टचं पटलं. ते काढून परत सहाचं बसवता येतं, म्हणजे माझ्या नियमातही बसतं. वायरिंगच्या चार हजारांत ते मावणार नाही, म्हणून रंगाचे पैसे तिकडे वळवतो.

ताई, तुमचं वाचून काल रात्री टाकी पुन्हा पाहिली. डाव्या बाजूला बाबांच्या गुडघ्यानं रंग उडून पत्रा चमकतोय. मी तो घासून रंगवणार होतो. आता नाही रंगवणार. सगळं एकदम उघडणारही नाही. आधी नुसतं इंजिन खाली उतरवतो, प्रत्येक बोल्टला चिठ्ठी बांधून.

गांधीबागवाले दादा, तुमच्या बोलण्यावर माझ्याकडे उत्तर नाही. रोज चालवणार नाही, गल्लीत गाडी तापवत उभी ठेवणार नाही, ढकलत मोठ्या रस्त्यावर नेऊन किक मारीन. ऑइल चांगल्या प्रतीचं आणि मोजूनच घालीन. लिटरला चाळीस मिली पुरतं. लोक भीतीपोटी दुप्पट ओततात आणि धूर त्यानंच वाढतो. एवढ्यानं तुमचं समाधान होणार नाही हे कळतं.

फॅब्रिकेटर भाऊ, गंजलेल्या फ्रेमबद्दल तुमचं म्हणणं मान्य. माझी फ्रेम मी सीट काढून हातोडीनं ठोकत तपासली, आवाज सगळीकडे खणखणीत आहे. धडधाकट फ्रेम कापायला मी अजूनही तयार नाही. तुमची राजदूत तुमच्या घामाची आहे, ती तुम्ही ठरवलीत. ही गाडी उद्या माझी पुतणी चालवेल, तिला काय हवं ते ती ठरवेल. ती पर्याय निवडेल तेव्हा फ्रेम पूर्ण असली पाहिजे.

हिंगण्याचा फॅब्रिकेटर

तुमची पुतणी माझ्याकडेच येईल फ्रेम कापायला, आणि मी कापून देईन. मत बदललेलं नाही. पण काम बघू द्या. रिबोअर कितवं आहे? ब्लॉक, म्हणजे सिलिंडर, मोजला का? वर, मधे, खाली अशा तीन जागी मोजून घ्या, एकाच जागी मोजणाऱ्याला देऊ नका. आणि वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलनं जुनं रबर फुगतं, ते पाणीही धरतं. पेट्रोलचा पाइप आणि कार्बुरेटरची रबरं नवीन घाला. गाडी उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बुरेटर रिकामा होईपर्यंत चालवा.

महालचा किकवाला

दुसरं रिबोअर झालेलं आहे, पिस्टनवर ०.५० कोरलंय, म्हणजे मूळ मापापेक्षा अर्धा मिलिमीटर मोठा. आता ०.७५ वर जाईल, म्हणजे अजून एक पायरी शिल्लक राहते. ब्लॉक उद्या सकाळी इतवारीत लोहाओळीजवळच्या खरादवाल्याकडे नेतोय. तीन जागी मोजून घेतो आणि आकडे इथेच लिहितो.